बंटीची थार, मनीषाची थार

हरियाणाचे तेव्हाचे डीजीपी, म्हणजे पोलीस महासंचालक, २०२५ मध्ये म्हणाले होते की थार आणि बुलेट बदमाश लोकच चालवतात, मग पोलिसांनी त्या गाड्या सोडायच्या कशा. नाशिकच्या गंगापूर रोडच्या आमच्या कट्ट्यावर ते वक्तव्य आलं बंटीच्या मोबाइलमधून, फुल व्हॉल्यूमवर, आणि चहा उकळायच्या आधी बंटीच उकळला. कारण बंटी थारवाला. महिंद्राची काळी थार, काळ्या काचा, काळे अलॉय, बोनेटवर मिशीचं स्टिकर आणि मागच्या काचेवर 'किंग'.

"म्हणजे आम्ही काय गुंड आहोत का? चौदा लाख मोजलेत, रोड टॅक्स भरलाय, हप्ता चालू आहे अजून!"

जोशी सर फिजिक्स शिकवतात, त्यामुळे प्रत्येक वादाची सुरुवात ते प्रश्नाने करतात. "काचांना फिल्म आहे का नाही?"

"आहे, पण हलकी आहे सर."

"सुप्रीम कोर्टाने २०१२ सालीच बंद केलीये फिल्म. त्या आदेशात हलकी-जड असं काही नव्हतं. मागच्या महिन्यात कॉलेज रोडला सिग्नलवर उभा होतास तेव्हा तुझ्या हॉर्नने माझ्या आईच्या हातातली पिशवी पडली होती. ते डीजीपी काय चुकीचं बोलले?"

"सर, ती गाडीच तशी आहे. थार म्हणजे थार. मर्दांची गाडी आहे ती."

हे वाक्य बोलायला आणि मनीषाची गाडी येऊन थांबायला एकच गाठ पडली. मनीषाची पण थारच, पण जुनी, सीआरडीई म्हणजे डिझेलवाली, २०१६ ची, सेकंड हॅण्ड घेतलेली. दारापर्यंत लाल चिखल, हुडाला मागच्या बाजूने ठिगळ. ती एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याचं काम करते, आठवड्यातले निम्मे दिवस पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर. उतरली, हात धुतले, बंटीचं शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलेलं होतंच.

"मर्दांची का? बंटी, तुझं हे मॉडेल आलं तेव्हा कंपनीत डिझाइनची प्रमुख कोण होती माहितेय? रामकृपा अनंतन. म्हणजे बाईच्या देखरेखीखाली झालेल्या गाडीला मिशी चिकटवून फिरतोयस तू."

जोशी सरांना चहाचा ठसका लागला. बंटी म्हणाला असं काही नसतंय, मोबाइलवर शोधायला लागला, सापडलं, आणि मोबाइल खिशात ठेवला.

नाना तोपर्यंत गप्प होता. नानाचं सातपूरला गॅरेज आहे, एमएम ५४० या महिंद्राच्या जुन्या जीपचं इंजिन तो डोळे झाकून उतरवतो, आणि बोलायला लागला की मधे कोणी बोललेलं त्याला चालत नाही. त्याला बंटीची दुसरीच गोष्ट खटकली होती. बंटी म्हणाला होता की थार २०२० ला आली.

"२०२० ला नवं मॉडेल आलं. थार हे नाव २०१० चं. आणि गाडी तुझ्या आजोबांच्या वेळची," नाना म्हणाला. मग त्याने सगळं पहिल्यापासून लावलं. १९४५ ला लुधियान्यात स्टीलच्या व्यापाराची कंपनी निघाली, नाव महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे दोघे भाऊ आणि त्यांच्यासोबत गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिकडचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलसुद्धा झाले. इकडे १९४८ ला नावातला मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्रा आला. विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग बोटीने यायचे आणि मुंबईत माझगावला जुळणी व्हायची. मग कांदिवली, मग आपलं नाशिक. "तू जी चालवतोस ती इथून पाच-सात किलोमीटरवर बनते बंटी, आणि तुला वाटतं ती रीलमधून जन्माला आली."

"१९४८ लाच जीप घोटाळा पण झाला," जोशी सर मधे घुसलेच. "लंडनला कृष्ण मेनन हायकमिशनर होते, लष्करासाठी दोन हजार जीपची ऑर्डर, आल्या दीडशेच्या आसपास आणि त्याही धड नाहीत. स्वतंत्र भारताचा पहिला घोटाळा जीपचाच!"

"त्याचा महिंद्राशी काय संबंध?"

"संबंध नाही, पण माहिती पाहिजे."

"सर, १९६५ ची पण माहिती ठेवा मग," नाना म्हणाला. "खेमकरणला अब्दुल हमीदांनी पॅटन रणगाडे उडवले ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने. परमवीर चक्र मिळालं त्यांना. त्या गाडीला दार नव्हतं, काच नव्हती, एसी नव्हता. आणि हा मला परवा विचारतो, नाना माझ्या थारचा एसी मागपर्यंत का पोचत नाही."

इथून विषय इंजिनावर गेला, आणि नाना इंजिनावर आला की त्याचा चेहराच बदलतो. त्याचं म्हणणं असं की जीप खऱ्या अर्थाने खेड्यात शिरली ती डिझेल आल्यावर. आधी हरिकेन पेट्रोल इंजिन होतं, दणकट होतं पण पेट्रोल प्यायचं, परवडायचं फक्त सरकारी खात्याला, नाहीतर साखर कारखान्याच्या चेअरमनला. १९७९ ला कंपनीने प्युजोकडून एक्सडीपी ४.९० डिझेलचा परवाना घेतला आणि गणित फिरलं. थंडीत सकाळी हीटर लावून थोडं थांबायचं, मग सेल्फ मारायचा, एकदा धडधडायला लागलं की दिवसभर बघायला नको. पाटे तुटले तर कुठल्याही तालुक्याच्या गावी लोहार पाटा बसवून देणार. स्टेअरिंगला प्ले आला तर सवय करून घ्यायची. "ती गाडी बिघडायची नाही असं मी म्हणणार नाही, बिघडायची. पण जिथं बिघडली तिथंच दुरुस्त व्हायची. आता सेन्सर गेला की स्कॅनर शोधत नाशिकला या."

मला स्वतःला नानाचं हे म्हणणं शंभर टक्के पटतं. माझं लहानपण त्र्यंबक रस्त्यावरच्या जीपच्या मागच्या सीटवर, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लावून गेलंय, आणि आज त्याच घराण्याची गाडी फक्त कॅफेबाहेर उभी दिसते तेव्हा वाईट वाटतं.

मनीषा तर पेठकडचीच. ती म्हणाली, "आमच्याकडे एसटी दिवसातून एकदा. बाकी सगळं काळी-पिवळी. दहावीच्या परीक्षेला जीप, बाजाराला जीप, आजीला साप चावला तेव्हा पण जीपच. ड्रायव्हरने भाडं घेतलं नाही. वणीच्या गडावर नांदुरीहून लोकं चढायची ती जीपनेच की."

"आणि आत सोळा-सोळा माणसं कोंबलेली असायची!" जोशी सर आता तावात आले. "दोन फाळक्यावर लटकलेली, एक बोनेटवर. घाटात ब्रेक लागला नाही की पेपरात पहिल्या पानावर. बेल्ट नाही, रोल केज नाही, छत म्हणजे ताडपत्री. उगाच आठवणींना सोन्याचा मुलामा देऊ नका. आजच्या थारला ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत चार स्टार मिळालेत २०२० ला, पाच दारांच्या थार रॉक्सला भारत एनकॅपचे पाच. मला कोणी विचारलं तर मी बंटीच्या गाडीत बसेन, बंटी चालवत नसेल तर."

हे मात्र मनीषानेही मान्य केलं. तिच्या गावच्या एका मुलाचा पाय असाच गेलाय. ती म्हणाली, "सर, धोका होता म्हणून ती गाडी वाईट असं नाही. दुसरं काही नव्हतंच म्हणून माणसं लटकत होती. लटकणाऱ्याला हौस नव्हती."

यावर सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी दुसरा चहा सांगितला, आणि सर स्वतःहून चहा सांगतात म्हणजे समोरच्याचं पटलेलं असतं हे कट्ट्यावर सगळ्यांना माहीत आहे.

मग बंटीने जुनी थार विरुद्ध नवी थार काढलं. त्याचं म्हणणं मनीषाची गाडी म्हणजे खटारा, पुढे टॉर्शन बार, मागे पाटे, बसलं की मणका हलतो. यात खोटं काही नाही, मनीषाच सगळ्यात आधी सांगते. आधीच्या मालकाने बाहेरून शिवून घेतलेला हुड पावसात गळतो, डाव्या सीटवर बसणाऱ्याला छत्री उघडावी लागते. गाडी घेतली त्याच वर्षी एका गॅरेजवाल्याने चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये भलतंच ऑइल भरून ठेवलं, लिव्हर फोर लोला, म्हणजे चारही चाकांच्या सगळ्यात हळू पण दमदार गिअरला, पडेना, शेवटी नानाने सगळं खाली उतरवून धुतलं. डिझेल शहरात अकरा देते, घाटात विचारू नये. "पण फोर लो टाकून पहिल्या गिअरमध्ये सोडली ना, की ब्रेकला पाय न लावता उतारावरून चालत उतरते. मागे बाळंतीण झोपलेली असली तर हे फार कामाचं असतं. त्या वेळी मला कोणी टचस्क्रीन दिली तर मी काय करू त्याचं?"

"नवी पण उतरते," बंटी.

"नवी उतरते. तुझी नाही उतरत."

इथे सगळे फुटले. कारण बंटीची थार फोर बाय फोर नाहीच. २०२० ला जी आली ती सगळी फोर बाय फोर होती, ९.८० लाखांपासून. मग जानेवारी २०२३ ला ९.९९ लाखांपासूनची रिअर व्हील ड्राइव्ह आली, दीड लिटर डिझेल, दिसायला तीच, पण पुढच्या चाकांना जोर नाही. बंटीने ती घेतली. त्यात काही गुन्हा नाही, शहरात वापरायला चांगली गाडी आहे. पण मागच्या पावसाळ्यात पेठ रोडच्या आत एका ओहोळात रील करायला तीच घेऊन गेला, मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, गाडी ॲक्सलपर्यंत बसली, आणि तासाभराने मनीषाच्या त्या खटाऱ्याने टोचन करून बाहेर काढली. रीलमध्ये गाडी ओहोळात शिरताना दिसते, मग चिखल उडताना दिसतो, मग थेट हायवे. मधलं सगळं कापलंय. मागे गाणं लावलंय. त्याला साडेचार हजार लाइक आहेत आणि त्यातला एक जोशी सरांच्या बायकोचा आहे, यावरून त्यांच्या घरी पण झालंय.

"तो एडिटिंगचा भाग आहे," बंटी म्हणाला.

"टोचनचा दोर पण एडिट केलास का?"

मी मुद्द्यावर आणायचा प्रयत्न केला. माझं म्हणणं एवढंच होतं की गाडीला शिव्या देऊन उपयोग नाही. ज्यांना रोज चिखलातून जावंच लागतं त्यांच्या हातून ही गाडी सुटत चाललीये आणि ज्यांना चिखल फोटोपुरता लागतो त्यांच्याकडे जातेय, मला त्याचं दुःख आहे. पाड्यावरच्या माणसाला आता फोर बाय फोर परवडत नाही, तो जुनी बोलेरो नाहीतर पिकअप घेतो आणि चढावर उतरून धक्का मारतो. पोलिसांनी थारवाल्यांना थांबवावं का नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

"बरोबर आहे," नाना म्हणाला, "आणि ज्याला परवडत नाही तो काय करतो बघ. सांगलीतल्या देवराष्ट्र्याचा तो फॅब्रिकेशनवाला आठवतो का? २०२१ चा." आठवत होता, सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेला. त्या गड्याने पोरासाठी भंगारातून छोटी जीप बनवली होती, किक मारून चालू होणारी, तोंड हुबेहूब जीपचं. आनंद महिंद्रांनी ती मागून घेतली आणि बदल्यात बोलेरो दिली. नानाला बोलेरोचं फार कौतुक नव्हतं. तो म्हणाला, "त्याला गाडी म्हटल्यावर डोळ्यासमोर जीपच आली, हे बघ. दुसरी कुठली नाही आली."

"पण जीपचं तोंड विलीजचं ना?" जोशी सर परत मूडमध्ये आले. "अमेरिकेत महिंद्राची रॉक्सॉर ही जीपसारखी गाडी २०२० ला अडकली त्यावरून. तिथल्या व्यापार आयोगाने सांगितलं अमेरिकन जीपसारखी दिसते, विकायची नाही. मग तोंड बदललं तेव्हा सोडली."

नाना भडकला. "सत्तर वर्षं आम्ही ती गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली! त्यांच्याकडून घेतली ते कबूल आहे, परवाना घेऊन घेतली, चोरून नाही. आणि आता त्या जीप कंपनीची स्वतःची रँग्लर कुठं जुळते? रांजणगावला! पुण्याच्या पोरांच्या हातून! मग कोणी कोणाचं तोंड बघायचं?"

टाळ्या पडल्या. टपरीवाल्याने पण मारल्या. बंटीने सगळ्यात जोरात मारल्या, कारण थोडा वेळ तरी त्याच्यावरून विषय हटला होता. मनीषाने मात्र सोडलं नाही.

"बंटी, माझा तो टोचनचा दोर तुझ्याकडेच आहे. पावसाळ्यापासून. सोमवारी मला सुरगाण्याला जायचंय, काढ गाडीतून."

बंटी चहाच्या ग्लासात बघायला लागला.

"गाडीत नाहीये."

"मग कुठंय?"

"आईने गच्चीत बांधलाय. कपडे वाळत घालायला. ती म्हणते असा मजबूत दोर बाजारात मिळत नाही, ब्लँकेट टाकलं तरी लवत नाही."

नाना बाकावरून खाली बसला हसता हसता. जोशी सरांनी चष्मा काढला. हरियाणाचे डीजीपी, मेनन, अब्दुल हमीद सगळे राहिले बाजूला आणि मनीषा तिथून थेट बंटीच्या आईला फोन लावायला लागली, "काकू, तो दोर राहू द्या तुम्हाला, पण मला त्याच्या बदल्यात तुमच्या पोराच्या गाडीवरची मिशी पाहिजे."

काकू फोनवर म्हणाल्या, आजच काढून घेऊन जा.