जुनी फोर बाय फोर: डिझेल घ्यायची की पेट्रोल?

परवा धाकटा कट्ट्यावर आला तो मोबाईल पुढे धरूनच. दोन जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या, हेरल्या होत्या त्याने. मॉडेल एकच, वयही जवळपास सारखं. एक डिझेल, 1,60,000 किलोमीटर झालेली. दुसरी पेट्रोल, 90,000 झालेली.

"एकीला टोकन द्यायचंय. कोणती, ते सांगा."

दादाने तोंड उघडायला क्षण लावला नाही. "फोर बाय फोर आणि पेट्रोल? काहीतरीच काय! डिझेल घे आणि मोकळा हो."

"का पण?" ताईने लगेच अडवलं. तिने स्वतः कित्येक वर्षं पेट्रोल फोर बाय फोर चालवली आहे, तीही चिखलात आणि वाळूत. त्यामुळे तिच्यासमोर नुसतं 'डिझेलच भारी' म्हणून कुणाची सुटका होत नाही.

दादाकडे कारणं होती, आणि ती खरी होती. दोन लिटरच्या आसपासचं टर्बो डिझेल सतराशे-अठराशे आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) साडेतीनशे न्यूटन मीटरच्या घरात टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, देतं. तेवढ्याच आकाराचं बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन दोनशेच्या आसपास देतं, आणि तेही चार हजारांकडे गेल्यावर. "दगडांचा चढ आहे, गाडी मुंगीच्या पावलाने चढवायचीय. डिझेल लो रेंजच्या, म्हणजे मुद्दाम हळू केलेल्या, पहिल्या गिअरमध्ये टाक आणि दोन्ही पाय काढून घे. आपली आपण चढते. पेट्रोलला रेस द्यावी लागते. रेस जरा जास्त झाली की चाक फिरतं, कमी झाली की गाडी बंद."

हे मी स्वतः अनुभवलंय. कमी वेगात दम धरण्याची डिझेलची जी ताकद आहे, तिला तोड नाही. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते आणि इंजिन ती वापरतंही जास्त काटकसरीने. म्हणजे तेवढ्याच टाकीत गाडी बरीच लांब जाते. पुढचा पंप कुठे आहे याचा भरवसा नसतो, तिथे याची किंमत कळते. वर कॅनमध्ये जादा इंधन न्यायचं झालं तर डिझेलची भीती कमी. त्याची वाफ पेट घ्यायला साधारण 55 अंशांच्या पुढे तापमान लागतं. पेट्रोलची वाफ शून्याच्या चाळीस अंश खालीही पेटते.

ताईने हे सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच गोष्ट विचारली. "लो रेंज कशासाठी असते?"

कुणी बोलेना, तेव्हा तीच म्हणाली, "लो रेंज लावली की ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, अडीचपट गुणाकार होतो. तो झाला की पेट्रोलच्या दोनशेचे चाकाकडे जाताना पाचशे होतात. टॉर्क कमी पडतो तो हायवेवर, गाडी लादून चढ चढताना. कच्च्या वाटेवर, ट्रेलमध्ये नाही. आणि वजनाचं काय? जिम्नी बघ. दीड लिटरचं पेट्रोल, वजन जेमतेम अकराशे किलो. जिथे जड डिझेल चिखलात रुततं, तिथे ती वरून निघून जाते. डिझेलचं सगळं जादा वजन पुढच्या एक्सलवर येतं, हे विसरू नकोस."

"वाळूतसुद्धा?" धाकट्याने विचारलं.

"वाळूत तर मला पेट्रोलच आवडतं. आरपीएम चढत जातो, वेग तुटत नाही. डिझेलला मध्येच गिअर बदलावा लागतो आणि तेवढ्यात गाडी बसते."

मग विषय पाण्यावर गेला. दादा म्हणाला, "पाण्यातून जायचं तर डिझेलच. प्लग नाही, स्पार्क नाही, भिजून बंद पडायला काहीच नाही." जुन्या, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना वीज वाटणाऱ्या डबीच्या) पेट्रोल गाड्यांबाबत हे शंभर टक्के खरं. पण इतका वेळ गप्प बसलेला आमचा मिस्त्री इथे बोलला, आणि त्याने सांगितलेलं प्रत्येक फोर बाय फोरवाल्याने लक्षात ठेवावं असं आहे.

"हवेच्या पाइपातून पाणी आत गेलं तर दोघांचंही मरण आहे. पण हिशोब कर. दोन लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे एका सिलिंडरला 500 सीसी. पेट्रोलचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, दहाला एक धर. पिस्टन वर आला की 55 सीसी जागा उरते. डिझेलचं सतराला एक. तिथे उरते 31 सीसी. पाणी काही दाबलं जात नाही. दोन मोठे चमचे पाणी आत गेलं की डिझेलचा पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला. भिजून बंद पडलेलं पेट्रोल सुकवून परत चालू करता येतं. वाकलेला रॉड सुकवून सरळ होत नाही."

म्हणून खोल पाण्यात जायचं असेल तर स्नॉर्कल, म्हणजे हवा वरून घेणारा उंच पाइप, आधी, इंधनाचा वाद नंतर. दादाने हे मान्य केलं.

मला मात्र वेगळंच विचारायचं होतं. मी धाकट्याला म्हटलं, "रोज गाडी किती चालणार?"

"ऑफिसला सात किलोमीटर. परत सात. आणि वर्षातून चार-पाच मोठ्या ट्रिपा."

हे ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं, कारण माझी आधीची डिझेल मी अशाच वापराने खराब केली होती. जुनं डिझेल म्हणजे एकच प्रकार नव्हे. साध्या मेकॅनिकल पंपाची इंजिनं वेगळी. टोयोटाच्या लँड क्रूझर 70 मधलं 4.2 लिटरचं सहा सिलिंडरी 1एचझेड इंजिन घ्या. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, गढूळ डिझेलही बऱ्यापैकी सहन करतं. दादाच्या मनातलं डिझेल हे आहे. पण 1997 पासून प्रवासी गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून प्रचंड दाबाने डिझेल देणारी पद्धत, आली, दाब सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत गेला, आणि इंजेक्टर इतके नाजूक झाले की डिझेलमध्ये थोडं पाणी आलं तरी पंपापासून सगळं बदलायची वेळ येते. त्यानंतर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर आला. धाकट्याने बघितलेली डिझेल या तिसऱ्या पिढीतली.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि तसाच दहा-वीस मिनिटं टिकावा लागतो. सात किलोमीटरमध्ये इंजिन जेमतेम गरम होतं. गाडी जाळायला सुरुवात करते, तेवढ्यात आपण पार्किंगमध्ये चावी काढतो. असं रोज झालं की फिल्टर तुंबतो. त्याहून वाईट म्हणजे काजळी जाळण्यासाठी जे जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. माझ्या डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तेव्हा मला वाटलं, ऑइल कमी होत नाही म्हणजे इंजिन उत्तम आहे. प्रत्यक्षात ऑइल पातळ होत होतं, आणि टर्बोचं बेअरिंग त्यावरच फिरत होतं. टर्बो गेला तेव्हा कळलं.

"मग आठवड्यातून एकदा हायवेला फिरवून आणेल की," दादा म्हणाला.

"आणेल का खरंच? दर आठवड्याला? वर्षानुवर्षं?"

धाकट्याने स्वतःच मान हलवली. नाही.

पैशांचा हिशोबही तिथेच मांडला. त्याचं वर्षाचं धावणं आठ हजार किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल शंभर किलोमीटरला 12 लिटर खाईल, डिझेल 9. वर्षाचा फरक 240 लिटर. तेवढी बचत एका बाजूला, आणि दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीचे चार इंजेक्टर, टर्बो, डीपीएफ आणि ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचजवळचं, हादरे शोषणारं जड चाक) दुसऱ्या बाजूला. यातलं एक जरी निघालं तरी कित्येक वर्षांची बचत गेली. पंचवीस-तीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा हिशोब उलटा पडेल, आणि त्याला मीही डिझेलच घ्यायला सांगेन. ट्रेलर ओढायचा असेल तर विचारायचीही गरज नाही.

"पण पेट्रोलवालीने जन्मभर गॅसवर धाव घेतली असेल तर?" दादाने शेवटचा मुद्दा काढला. मुद्दा चांगला होता. गॅस किट बसवून काढलेलं असू शकतं आणि व्हॉल्व्ह सीट झिजलेल्या असू शकतात. मिस्त्री म्हणाला, कॉम्प्रेशन गेज लावून बघू. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास आले की झालं.

डिझेलसाठी त्याने दोन गोष्टी सांगितल्या. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून उलटं तसंच भोकावर ठेवायचं. ते उडून पडत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. आणि सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचं. डीपीएफ धड असेल तर पाइप आतून स्वच्छ असतो. बोट काळं झालं तर फिल्टर फुटलाय, नाहीतर कुणीतरी तो आतून पोकळ करून टाकलाय.

"आणि दोन्ही गाड्या थंड बघायच्या," तो म्हणाला. "थंड इंजिन चालू करतानाच त्याचं दुखणं कळतं. पोचलास की आधी बोनेटवर हात ठेव."

धाकट्याने तिथेच दोघांना फोन लावले. सकाळी येतोय, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पेट्रोलवाला बरं म्हणाला. डिझेलवाल्याचा आवाज स्पीकरवर सगळ्यांनी ऐकला: "मी जरा गरम करून ठेवतो ना, सकाळी तिला पहिल्यांदा थोडा वेळ लागतो."

मिस्त्रीने दादाकडे बघितलं. दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग धाकट्याला म्हणाला, "पेट्रोलवालीकडे किती वाजता निघायचं? मी येतो."