चप्पल हितं हाय, मग पोरगं कुठाय?

आज भिशीला गेले होते. पोहे झाले, चहा आला, कुणाच्या तरी मोबाईलवर कसलीशी बातमी लागली आणि त्यावरून एकजण म्हणाली, "असल्यांना कोर्टात कशाला न्यायचं, परस्पर गायब करावं, कटकट मिटली." दोघीतिघी हसल्या. मी हसले नाही पण बोललेही नाही, कप विसळून ठेवला आणि चिठ्ठी निघायच्या आत घरी आले. आता रात्रीचे अकरा वाजलेत, झोप येईना, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचा.

गायब करावं म्हणे!

माझ्या धाकट्या भावाचं तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. मघाशी फोन करून त्याला विचारलं, लिहू का? म्हणाला लिही, नाव घालू नको. वीस वर्षं झाली. पलूस तालुक्यातलं आमचं गाव, हा एकोणीस वर्षांचा, द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला. त्या साली नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. शनिवारी रात्री जेवायला बसलेला, साध्या कपड्यातले दोघं आले, "चल जरा, विचारायचंय" म्हणून गाडीवर मधे बसवून घेऊन गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच. सकाळी आई डबा घेऊन पोलीस ठाण्यात गेली तर, "असला कोण इथं नाही मावशी, गेला असेल कुठंतरी मित्राकडं, येईल." आई वळली आणि तिला आतल्या खोलीच्या दाराशी चप्पल दिसली. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, तो आईनंच मोटारीच्या तांब्याच्या तारेनं आवळून दिला होता. तिचीच गाठ, ती ओळखणार नाही का? "चप्पल हितं हाय, मग पोरगं कुठाय?" एवढंच विचारत राहिली. तिला बाहेर काढलं. अर्ध्या तासानं ती परत डोकावली तर चप्पल पण तिथं नव्हती.

त्याला मारहाण केली त्याचा राग आहेच, पण ही चप्पल उचलून लपवणं आहे ना, ते माझ्या डोक्यातून वीस वर्षांत गेलेलं नाही. कुणीतरी उठून, वाकून, ती चप्पल उचलली असणार. एका बाईला खोटं पाडायला.

धरल्यापासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं हे घटनेत लिहिलंय, कलम २२. डी. के. बसूच्या निकालात सुप्रीम कोर्टानं १९९६ सालीच सांगितलंय, अटकेचा कागद करा, त्यावर घरच्या नाहीतर गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाची सही घ्या, कुठं ठेवलाय ते नातेवाईकांना कळवा. आमच्या वेळी हे सगळं होतं. तरी आई दोन दिवस बाहेर लिंबाखाली बसून, डब्यातलं कालवण आंबलं तरी डबा सोडेना.

आणि सांगलीकरांनी तरी हे बोलू नये हो. २०१७ चा नोव्हेंबर विसरलात? कोठडीतला तरुण पोरगा, घरच्यांना सांगितलं पळून गेला. तपासात निघालं की मारहाणीत गेला आणि प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं. तेव्हा आपण सगळेच पेटलो होतो, याच भिशीत त्याच्या लहान पोरीसाठी डोळे पुसले होते. "पळून गेला." परभणीच्या ख्वाजा युनूसबद्दल पण हेच सांगितलं, घाटकोपरच्या स्फोटात धरलेला, इंजिनिअर पोरगा, २००३ च्या जानेवारीत जीप दरीत गेली आणि तो पळाला म्हणे. आजपर्यंत प्रेत नाही. त्याच्याबरोबर खटला चालला ते आरोपी पुढं कोर्टातून सुटले, आणि त्याची आई वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. तिला चप्पल पण दिसली नाही.

मान्य, पोलिसांवर ताण असतो, माझा मावसभाऊच खात्यात आहे, गणपतीत वीस वीस तास उभा असतो. धरलेले सगळे काही देवमाणसं नसतात, तेही मान्य. मग? चोर असेल तर चोर म्हणून कोर्टात उभा करा की.

आणि योग बघा, आज ३० ऑगस्ट. जबरदस्तीनं गायब केलेल्यांसाठीचा जागतिक दिवस. याविरुद्ध जागतिक करार आहे, भारतानं २००७ साली त्यावर सही केली आणि तिथंच सोडून दिला, मंजुरी काही दिली नाही. सरकारं आली, गेली, एकानंही नाही. आपल्याकडं माणूस गायब करणं असा वेगळा गुन्हाच नाही. अपहरण लावा, खून लावा, पण प्रेतच नसताना खून शाबीत करणं म्हणजे काय ते वकिलाला विचारा. बाईला वाट बघायला सात वर्षं, त्यानंतर कायद्यानं नवरा मेला असं धरता येतं. काश्मिरात तर अशा बायकांना अर्ध्या विधवा असं नावच पडलंय. आपल्यातली असती तर मंगळसूत्र ठेवायचं का काढायचं, कुणी सांगायचं तिला?

पंजाबचे जसवंतसिंग खालरा बँकेत नोकरीला होते. आपल्यासारखा पगारदार माणूस. गायब झालेली पोरं शोधत अमृतसरच्या स्मशानात गेले, तिथल्या नोंदी काढल्या, बेवारस म्हणून किती जाळले, लाकूड किती लागलं, वही नीट बघितली बस्स. सप्टेंबर १९९५ मध्ये पोलिसांनी त्यांनाच घरापासून उचललं. ते पण परत आले नाहीत. सीबीआयनं पुढं एकट्या अमृतसर जिल्ह्यात असे २०९७ अंत्यसंस्कार मोजले. २०९७ घरातल्या आयांना कुणीतरी म्हणालंच असेल ना, येईल, मित्राकडं गेला असेल.

अर्जेंटिनात लष्करी राजवटीनं गायब केलेल्या पोरांसाठी १९७७ पासून आया दर गुरुवारी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यापुढं डोक्याला पांढरं फडकं बांधून फिरतात. पहिल्यांदा ते फडकं म्हणजे बाळाच्या लंगोटाचं कापड होतं. हे वाचलं तेव्हा मला आईचा डबाच आठवला. त्यातल्या तिघी आया त्याच वर्षी गायब केल्या, तरी बाकीच्या फिरायच्या थांबल्या नाहीत.

आमचा आला हो परत. सोमवारी रात्री एका पुढाऱ्याचा फोन गेल्यावर तो एकदम 'स्टँडवर सापडला'. कागदावर अटक नाही, नोंद नाही, काहीच नाही. मोटारी चोरणारे दुसरेच निघाले. तळपाय इतके सुजलेले की चप्पल पायात जाईना, हातात धरून आला. आईनं काही विचारलं नाही, पाणी तापवलं.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. जी बोलली ती बाई वाईट नाही. कोविडमध्ये आम्ही चौघं पडलो होतो तेव्हा दहा दिवस दोन वेळचा डबा तिनं आणून दारात ठेवला. म्हणूनच जास्त लागलं असेल. ती असं बोलते कारण तिच्या घरातलं कुणी कधी गेलं नाही, आणि जाऊही नये. पण मी गप्प बसले ते चुकलंच माझं. भावाच्या बायकोला कळू नये, सासरी चर्चा नको, असं करत करत वीस वर्षं गप्पच आहे मी. ठाण्यातले 'नाही' म्हणाले, आणि आम्ही पण घरात 'काही झालं नाही' म्हणत बसलो.

पुढच्या महिन्यातली भिशी माझ्याकडं आहे. आई तेव्हा इथंच राहायला असणार आहे. अगं, आज बोललीस ती तू नक्की ये, आणि चहा झाला की तिच्याशेजारी बस. ती सांगेल.