भाचीचा ऑप्शन फॉर्म आणि दाजींचा फॉरवर्ड

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन. "तुझ्या दाजींनी परत नवीन काढलंय." भाचीचा कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायला दोन दिवस उरलेत आणि दाजी म्हणतायत, थांबा, हिला इंजिनिअरिंगला घालायचं की नाही तेच आधी बघू. कारण काय, तर गावच्या ग्रुपवरचा मेसेज. वर तीन लाल दिवे, खाली ‘प्रत्येक पालकाने वाचावे’. मधला माल असा: बिल गेट्सने कॉलेज सोडलं, गूगल-ॲपल डिग्री मागत नाहीत, पदवीधर बेकार फिरतायत, सगळं शिक्षण मोबाईलवर फुकट आहे, २०३० पर्यंत कॉलेजं बंद. म्हणून फीचे पैसे प्लॉटमध्ये टाका.

गेट्सचं आधी उरकतो. त्यांनी सोडलं ते हार्वर्ड. आणि त्यांची कंपनी मायक्रोसॉफ्ट आज चालवणाऱ्या सत्या नाडेलांकडे मणिपालची इंजिनिअरिंगची पदवी आहे, वर अमेरिकेतल्या आणखी दोन. ते मेसेजमध्ये मावलं नसावं.

डिग्रीची अट बऱ्याच कंपन्यांनी जाहिरातीतून काढली, हे खरं. पण त्याच हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचा २०२४ चा अहवाल सांगतो की अमेरिकेत या बदलाचा प्रत्यक्ष फायदा ७०० नेमणुकांमागे एकालाही धड झाला नाही.

आता मोबाईल. दाजी, २०२० आठवतंय का? घरात फोन एक, तोही कांदा घेऊन तुमच्याबरोबर मार्केटला. पोरगी रात्री रेकॉर्डिंग लावून, थांबवून थांबवून प्रमेय वहीत उतरवायची आणि मधेच तुमच्या व्यापाऱ्याचा फोन यायचा. हेच तिने आता चार वर्षं करायचं?

हार्वर्ड आणि अमेरिकेतल्याच एमआयटीच्या फुकट ऑनलाइन कोर्सेसचा सहा वर्षांचा हिशेब ‘सायन्स’ मासिकात २०१९ साली छापून आला. छप्पन्न लाखांवर लोकांनी नावं घातली होती. २०१७-१८ मध्ये कोर्स पुरा करणारे शेकडा ३ च्या आसपास. पैसे भरून सर्टिफिकेटच्या मागे लागलेल्यांतही निम्म्याहून कमीच. आणि नावं घालणाऱ्यांची वाढ मुख्यतः सुखवस्तू देशांतली. ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांना जमेना, ते ओट्यापाशी बसून हिला जमेल? घरी बसलेल्या मुलीचा वेळ तिचा नसतो. ‘घरीच आहेस ना, दूध बघ जरा.’ कॉलेजात निदान दहा ते पाच तिला कुणी दूध बघायला सांगत नाही.

स्वयम, एनपीटेल हे सरकारचे फुकट ऑनलाइन कोर्स चांगले आहेत, मी स्वतः बघतो. पण एनपीटेलच्या सर्टिफिकेटसाठीसुद्धा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) स्वयमचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट पदवीत धरायला परवानगी दिलीय, म्हणजे कॉलेज बंद न होता त्यानेच हे पोटात घेतलं.

कॉलेजं बंद होण्याचं भाकीतही शिळंच. २०१२ साली उडॅसिटी या ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या कंपनीचे सेबॅस्टियन थ्रन म्हणाले होते, ५० वर्षांत जगात दहाच संस्था उरतील. पुढच्याच वर्षी स्वतःच्याच कोर्सना भिकार माल म्हणून मोकळे झाले.

बेकारीचं मात्र मान्य करावं लागतं, नाइलाजाने. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) भारतावरच्या २०२४ च्या अहवालात तरुण पदवीधरांची बेकारी २९.१ टक्के आहे, निरक्षरांची ३.४. पण ज्याला घरी बसणं परवडत नाही तो मिळेल त्या रोजावर खुरपायला जातो आणि आकडेवारीत ‘कामावर’ दिसतो. हिच्यासाठी ते हवंय का?

राहिला प्लॉट. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून सरकार भरतं. प्रवेश कॅपमधून हवा, एवढंच. होस्टेल-मेसचा खर्च आहे, पण त्यात प्लॉटचं कुंपणही होणार नाही.

ताईने कागदांचे फोटो पाठवलेत. नॉन-क्रिमीलेअर ठीक आहे, उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा आहे. उद्या सकाळी सेतूत जाऊन नवीन काढा, दाजी. रांग मोठी असते, मेसेज वाचायला वेळ मिळेलच.