लेथ सर्वांचं, कीस कुणाचा?

भोसरीत एका शेडमध्ये साडेचार फुटी लेथ, म्हणजे धातू फिरवत कातायचं यंत्र, भंगाराच्या भावानं निघालंय, असा निरोप आला तेव्हा आमच्या सामायिक वर्कशॉपच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पटापट अंगठे उमटले. ते लेथ टेम्पोतून उतरवायच्या दिवशी त्या अंगठ्यांना जोडलेले हात मात्र फारसे दिसले नाहीत. कुणाची पाठ धरली होती, कुणाकडे पाहुणे होते, आणि एकानं "मी मनानं तिथंच आहे" असं कळवलं. अर्धा टन ओतीव लोखंड मनानं उचललं जात नाही.

जुन्या मालकानं संगणकावर चालणारं सीएनसी मशीन घेतलं होतं. "एकदम चालू मशीन आहे," असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. चाललं ते फक्त टेम्पोतून. हायड्रा क्रेन आमच्या गल्लीत वळेना, म्हणून पाइपचे तुकडे खाली सारत आणि पहारीनं रेटत ते आत न्यावं लागलं. लेथ वरच्या अंगाला जड, त्यातही हेडस्टॉककडे, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्याकडे, सगळं वजन. जरा कललं की आडवंच व्हायचं. नाना ओरडत होते, "डोक्याकडं जपा! डोकं जड आहे त्याचं!" हा इशारा पुढं आमच्या बैठकांतही कामी आला.

नाना म्हणजे आमच्यातले एकमेव खरे टर्नर. उभी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गेली. बाकी आम्ही सगळे हौशी: दोन सॉफ्टवेअरवाले, एक आर्किटेक्ट ताई, एक दातांचे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले जोशीकाका आणि मी. यंत्राचं ज्ञान आणि मतांची संख्या यांचं प्रमाण आमच्यात नेमकं व्यस्त आहे.

पहिला वाद गंजाचा. नाना म्हणाले, रॉकेल आणा. रॉकेल आता मिळतंय कुठं? डिझेलवर तडजोड झाली. तेवढ्यात थोरल्या सॉफ्टवेअरवाल्यानं निळं पिंप आणून त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी केलं. गंजका भाग ऋण टोकाला, टाकाऊ लोखंड धन टोकाला, मध्ये बॅटरी चार्जर: गंज आपोआप सुटतो. पद्धत खरी आहे. पण धन टोकाला लावायला जोशीकाकांनी घरून स्टेनलेस स्टीलचं ताट आणलं, तेव्हा आर्किटेक्ट ताईंनी ते हातातून काढून घेतलं. स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरलं की ते पाणी विषारी होतं, ओतायचं कुठं हाही प्रश्न. ताट परत गेलं. त्यावर एक ओरखडा होता, आणि तो कुठून आला याची चौकशी काकांच्या घरी बराच काळ चालल्याचं ऐकतो. शेवटी धन टोकाला एक जुनं फावडं लागलं. पिंपातून हायड्रोजनचे बुडबुडे निघत असताना वरून झाकण ठेवायची सूचना कुणी केली, ते मी लिहीत नाही. ते सभासद अजून वर्गणी वेळेवर देतात.

सुटं करायला घेतलं आणि ग्रीसच्या थरांतून एकेक वस्तू निघू लागली. कातायचं हत्यार धरणाऱ्या टूल पोस्टखाली हॅकसॉ ब्लेडचे तुकडे. टूलचं टोक बरोबर सेंटरच्या उंचीला आणायला जगातला प्रत्येक टर्नर हेच खाली सरकवतो. गियरच्या झाकणात अख्खी सुपारी. कातताना निघणारा कीस पडायच्या ट्रेमध्ये तेलात मुरून डिंकाच्या लाडवासारखा झालेला गोळा, आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या. हत्यार आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या खाचांतला कीस काही केल्या निघेना, तेव्हा डॉक्टरांनी खिशातून दातांचं कीट खरवडायचं हत्यार काढलं. त्यांनी काम केलं ते इतकं तन्मयतेनं, की मध्येच त्यांच्या तोंडून "दुखलं तर हात वर करा" असं निघून गेलं.

हेडस्टॉकवरचा रंग खरवडला तसा वर हिरवा, खाली राखाडी, आणि त्याखाली कुंकवाचं स्वस्तिक. कधीच्या तरी खंडेनवमीचं. नानांनी पॉलिश पेपर काढून घेतला. "याला हात लावायचा नाही." तिथला रंग मग स्वस्तिकाभोवतीच्या चौकटीपर्यंतच आला. बाकी कुठला रंग द्यायचा यावर ग्रुपवर मतदान ठेवलं, त्यात 'फिकट राखाडी' आणि 'थोडा फिकट राखाडी' असे स्वतंत्र पर्याय होते. निकाल दुकानदारानं लावला. त्याच्याकडे एकच डबा शिल्लक होता.

आता सगळ्यांत छळणारी गोष्ट. लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब रुळांवर, हत्यार नेणारं कॅरेज मागंपुढं सरकतं. पण बहुतेक काम ते पकडणाऱ्या चकजवळ होतं, म्हणून बेड तिथंच जास्त झिजतो. कॅरेज तिथं हलतंय म्हणून फट कमी करणारी जिबची पट्टी आवळावी, तर तेच कॅरेज दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडच्या न झिजलेल्या भागात जाऊन घट्ट अडकतं. तिथं मोकळं करावं, तर चकजवळ पुन्हा डुगडुग. धाकट्या सॉफ्टवेअरवाल्यानं बेड ग्राइंडिंगचा भाव काढून आणला. त्यात आणखी एक लेथ आलं असतं. नानांनी एक संध्याकाळ जिबच्या स्क्रूशी बोलत काढली आणि मधला मार्ग शोधला, दोन्ही टोकांना थोडं थोडं वाईट. लोकशाहीत याहून जास्त मिळत नाही.

लेव्हल करताना जोशीकाकांनी बेडवर मोबाइल ठेवून "शून्य!" असं जाहीर केलं. मोबाइल दाखवतो अंशाचा दहावा भाग. म्हणजे मीटरला पावणेदोन मिलिमीटर. नानांची स्पिरिट लेव्हल मीटरला दोन शतांश मिलिमीटरलाही एक घर सरकते. त्या बुडबुड्याला जवळ कुणी नुसतं उभं राहिलेलं चालत नव्हतं, आणि आम्ही सगळे जवळच उभे होतो. बेडला पीळ असला की काम निमुळतं निघतं. म्हणून चकमध्ये जाड सळई धरून तिच्यावर लांब अंतरावर दोन कडी एकाच कटात कातली. दोन्हींचे व्यास चार शतांशांनी वेगळे. टेलस्टॉककडचा पायाचा बोल्ट जरासा फिरवला, पुन्हा कातलं, पुन्हा मोजलं. फरक एका शतांशावर आला तेव्हा नानांनी मायक्रोमीटर डबीत ठेवला आणि बोल्टला हात लावणाऱ्याचं नाव वहीत लिहिलं जाईल असं सांगितलं.

विजेचं त्या मानानं सोपं गेलं. मोटर थ्री फेज, आमच्याकडे सिंगल. सिंगलमधून थ्री फेज काढणारा व्हीएफडी आणला, मोटरची जोडणी स्टारची डेल्टा केली, फिरली. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे यश इतकं मिरवलं की व्हीएफडीवर त्यांचा फोटो लावायचा तेवढा बाकी राहिला.

भाषेचं मात्र जमेना. आटे पाडताना कॅरेज ओढणारा लीड स्क्रू इंचांतला, डायलही इंचांतले. देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956चा, पण आमचं लेथ अजून त्या मुक्कामाला पोहोचलेलं नाही. नाना सुतांत (इंचाचा आठवा भाग) बोलतात, सॉफ्टवेअरवाले मिलिमीटरात आणि डॉक्टर थाऊत (इंचाचा हजारावा भाग). "दोन सूत घ्या" म्हटलं की एक जण 6.35 लिहितो, दुसरा 250. त्यात मेट्रिक आटे पाडायला लागणारं 127 दात्यांचं गियर गायब! 25.4ची पाच पट म्हणजे 127, म्हणून तेच लागतं. धाकट्यानं हिशेब करून दाखवला की 63 दात्यांच्या गियरवरही भागतं. आठ हजारांत एक इतकीच चूक. जोशीकाकांनी विचारलं, ही चूक दर वर्षी साठत जाते का? बँकेतली सवय. नाना म्हणाले, "बोल्टला काय माहीत हो!" आणि विषय संपवला.

लेथ सुरू झालं त्या दिवशी बेडवर चहाचे कप ठेवणारे सगळे हजर होते. पेढे आले. पहिला कट नानांनी घेतला; निळसर कीस गरगरत बाहेर आला आणि उत्साहानं हात पुढं करणाऱ्यांवर नाना खेकसले. त्याच दिवशी भिंतीवर नियमांचा फलक लागला. चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडू नये. बाह्या दुमडाव्यात, हातमोजे घालू नयेत. आपला कीस आपण उचलावा. शेवटच्या नियमावरून अजून जुंपते, कारण ट्रेमधला कीस कधीच कुणाचा नसतो.

मग कामं येऊ लागली. जोशीकाकांच्या मिक्सरची बुश, ताईंच्या मॉडेलचे पितळी खुंट. आणि एका रविवारी ज्यांनी मनानं लेथ उचललं होतं ते सदेह आले, हातात सागवानाचा ठोकळा घेऊन. लाटणं करायचं होतं. लाकडाचा भुसा तेलात मिसळून बेडवर काय चिखल करतो, हे नानांनी त्यांना ज्या शब्दांत समजावलं ते इथं छापता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी फलकावर खाली ठळक अक्षरांत भर पडली: "लाटणी, पोळपाट, रवीचे दांडे या मशीनवर करू नयेत." त्याखाली पेन्सिलीनं कुणीतरी विचारलंय, "देव्हाऱ्याचे खांब चालतील का?" आणि त्याखाली निराळ्या अक्षरात, "किती सुतांचे?"