‘धूर नाही, पीयूसी पास, म्हणजे गाडी स्वच्छ’: हे खरं नाही

हिवाळा लागला की सोसायट्यांच्या आणि मॉर्निंग वॉकच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: काळा धूर नाही आणि पीयूसी पास आहे, तर तुमची गाडी हवा बिघडवत नाही; गाडीच्या धुरातल्या नायट्रस आम्लासारख्या वायूंचं प्रमाण नगण्य असतं; पहाटेची हवा शुद्धच असते; आणि गाड्यांच्या धुरावरचे बीएस-६ हे कडक नियम आल्यावर तर हा प्रश्नच मिटला. लोक हे वाचून निर्धास्त होतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी धूर आणि पीयूसी. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि पडद्यावर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे येतात. डिझेल असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि धुराची घनता मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडं, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे वायू, या तपासणीत मोजलीच जात नाहीत. त्यातलं नायट्रिक ऑक्साइड तर रंगहीन, त्यामुळे डोळ्यांनाही कळत नाही. २०१५ मध्ये उघड झालेला फोक्सवॅगनचा घोटाळा आठवा: तपासणीपुरती गाडी स्वच्छ दाखवणारं सॉफ्टवेअर त्या मोटार कंपनीने बसवलं होतं. अमेरिकेत त्या डिझेल गाड्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइडं सोडत होत्या. धुरावरून कुणाला संशय आला नाही. चालत्या गाड्यांना यंत्रं जोडून रस्त्यावर मोजमाप केलं, तेव्हा धागा सापडला.

‘प्रमाण नगण्य’ हा मुद्दा सगळ्यात फसवा आहे, कारण प्रमाण थोडं असतं हे खरं आहे आणि निष्कर्ष चुकीचा. जर्मनीतल्या वुपरटाल शहरातल्या बोगद्यात संशोधकांनी मोजलं, तेव्हा गाड्यांच्या धुरातलं नायट्रस आम्ल नायट्रोजन ऑक्साइडांच्या ०.८ टक्क्यांच्या आसपास निघालं. बोगदा अशासाठी, की तिथे ऊन नसतं. उन्हात हे आम्ल टिकत नाही. ४०० नॅनोमीटरखालच्या प्रकाशात त्याचा रेणू तुटतो आणि हायड्रॉक्सिल मोकळा होतो. हा अतिशय क्रियाशील घटक इंधनाच्या वाफांवर तुटून पडतो, आणि त्या साखळीतून ओझोन आणि सूक्ष्म कण तयार होतात. ओझोनपासूनही हायड्रॉक्सिल मिळतो, पण त्याला त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि सूर्य क्षितिजाजवळ असताना तो जमिनीपर्यंत फारसा पोचत नाही. नायट्रस आम्लाला मात्र कोवळं ऊन पुरतं. दिवसभर चालणाऱ्या या रासायनिक साखळीला विरजण लावायला चमचाभर पुरे होतं.

‘सगळं नायट्रस आम्ल काही सायलेन्सरमधून येत नाही,’ असंही त्या मजकुराच्या बाजूने सांगतात. बरोबर आहे. बरंचसं रात्री ओलसर भिंतींवर, रस्त्यावर, धुळीवर नायट्रोजन डायऑक्साइडपासून बनतं. थोडं मातीतूनही येतं. पण भर शहरात त्या नायट्रोजन डायऑक्साइडचा मोठा वाटा वाहनांचाच असतो. म्हणजे हिशेब फिरून रस्त्यावरच येतो.

पहाटेच्या हवेचं म्हणाल, तर हिवाळ्यात रात्री जमिनीलगतचा हवेचा थर बसका असतो, धूर वर जात नाही आणि ऊन नसल्याने नायट्रस आम्ल साठत राहतं. पहाटे ओझोन कमी असतो हे खरं, पण तेवढ्यावरून हवा शुद्ध ठरत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने दिल्ली विमानतळावरच्या धुक्याच्या अभ्यासात हे आम्ल मोजलं आहे. आपण मोबाइलवर बघतो त्या हवा निर्देशांकाच्या आठ घटकांत मात्र ते नाही. तेव्हा निर्देशांक हिरवा दिसला, तरी या आम्लाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

उरलं बीएस-६. एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारींची नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली. हा मोठा बदल आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ही मर्यादा नव्या गाड्यांसाठी आहे. जुने ट्रक, टेम्पो, बस अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांना दर वेळी पास करणाऱ्या तपासणीत नायट्रोजन ऑक्साइडांचा रकानाच नाही. तो रकाना आधी आला पाहिजे.