काहीच मिळालं नाही, हे कसं म्हणता?

'माकडांवरच्या प्रयोगांतून माणसाच्या पदरात काहीच पडलं नाही' हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स, म्हणजे कंप आणि ताठरपणा आणणारा मेंदूचा आजार आहे. मेंदूत इलेक्ट्रोड बसवल्यापासून ते शर्टाची बटणं स्वतः लावतात. आधी कपातला चहा बशीतही राहत नसे.

ही शस्त्रक्रिया आभाळातून पडलेली नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त हेरॉईन टोचून घेतलेली काही तरुण मुलं अचानक लाकडासारखी ताठ झाली. त्या हेरॉईनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन निघालं. उंदरांवर (रॅटवर) त्याचा फारसा परिणाम होत नाही, माकडांना मात्र माणसासारखाच पार्किन्सन्स होतो. त्यामुळे मेंदूतलं नेमकं काय बिघडतं हे पहिल्यांदाच नीट तपासता आलं. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ डिलाँग आणि सहकाऱ्यांनी अशा माकडांच्या मेंदूतलं सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे अतिसक्रिय झालेलं इवलंसं केंद्र निकामी केलं, तेव्हा ताठरपणा आणि कंप कमी झाला. हे १९९० साली प्रसिद्ध झालं. पुढच्या काही वर्षांतच फ्रान्समध्ये मेंदूचे शल्यचिकित्सक बेनाबिद यांच्या चमूने रुग्णांच्या त्याच केंद्राला, ते नष्ट न करता, विजेचे सूक्ष्म झटके द्यायला सुरुवात केली.

त्या माकडांना त्रास झाला, हे लेखिकेचं म्हणणं खरंच आहे आणि मलाही ते सलतं. पेशींवर किंवा संगणकावर भागत असेल तिथे माकड वापरूच नये, नियम आणखी कडक करा. पण चालताना पाय जमिनीला का खिळतो, हे प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशी कशा सांगणार?