फ्रीजमध्ये धोंडा

राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधी आकडे सांगते. ‘डोन्ट स्टार्व्ह टुगेदर’ या उपाशी न मरता तग धरून राहायच्या व्हिडिओ गेममधल्या आमच्या तळावरचा फ्रीज उघडला, तर पंधराच्या पंधरा पियरोगींमागची (सारण भरलेल्या करंज्यांसारखा पदार्थ) चौकट पिवळी.

हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. पदार्थ ताजा असला की चौकट हिरवी. ताजेपणा निम्म्याखाली गेला की पिवळी, 20 टक्क्यांखाली लाल आणि शून्यावर पोहोचला की पदार्थाचं ‘रॉट’ होतं. पिवळं खाल्लं तर आरोग्य एकतृतीयांशच मिळतं आणि भूक दोनतृतीयांश भागते. लाल खाल्लं तर आरोग्य शून्य, भूक अर्धी, शिवाय डोकं ठिकाणावर ठेवणारे 10 गुण जातात. ताजी पियरोगी 40 आरोग्य देते, पिवळी 13. अंडं, मांस, भाजी आणि चौथं खाण्यासारखं काहीही क्रॉक पॉटमध्ये टाकून ती शिजवायची. एकदा झालेला पदार्थ पुन्हा पॉटात घालून ताजा करता येत नाही. पिवळी झाली, संपलं.

माझ्या दहा पियरोगी 60 टक्क्यांवर होत्या. टीममधल्या एका पोराने खिशातल्या 21 टक्क्यांवरच्या पाच आणून त्याच ढिगावर ओतल्या. एका खणात गेलेल्या नगांची हा खेळ सरासरी काढतो: 600 अधिक 105, भागिले 15, झाले 47. त्याच्या पाच आधीच पिवळ्या होत्या, माझ्या दहाही त्यांच्याबरोबर गेल्या. “दुसऱ्या खणात का नाही ठेवल्यास?” असं विचारलं तर म्हणतो, “ताई, जागाच नव्हती.” जागा नव्हती, कारण नवव्या खणात त्याने दगड ठेवला होता.

एवढ्यात मागे तांदूळ निवडत बसलेली आत्या चष्मा सावरत स्क्रीनजवळ आली.

“फ्रीजमध्ये धोंडा कोणी ठेवला गं?”

“थर्मल स्टोन आहे तो. गार करून घ्यायचा, उन्हाळ्यात खिशात ठेवायचा.”

“उन्हाळा लागलाय का?”

पोरगा स्पीकरवरून म्हणाला, “अजून अकरा दिवस आहेत, आत्या.”

“मग आत्तापासून कशाला रे?”

“विसरायला नको म्हणून.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत सहानुभूती होती, आणि असली माणसं कुठून गोळा करतेस हा प्रश्नही होता. मग तिने फ्रीजचीच चौकशी सुरू केली.

“लाईट गेली तर?”

“लाईट लागतच नाही याला.”

“मग केलाय कशाचा?”

“सोन्याचे दोन तुकडे, एक गियर आणि एक घडीव दगड.”

“सोन्याचा फ्रीज! आणि खण नऊच? बरं, त्यात नासायचं थांबतं ना?”

“नाही. निम्म्या वेगाने नासतं.”

“परत करून टाक.”

परत कुठे करणार? पण तिचा मुद्दा खोडता येईना. खेळातला एक दिवस घड्याळातली 8 मिनिटं. कच्चं मांस 6 दिवस टिकतं, म्हणजे 48 मिनिटं. हा वेग खिशातला किंवा साध्या पेटीतला. जमिनीवर टाकलंत तर तो दीडपट होतो, 32 मिनिटांत कारभार आटोपतो. फ्रीजमध्ये 96 मिनिटं. त्यावर हवेचा गुणाकार: तापमान शून्याखाली असेल तर वेग पाऊणपट, उन्हाची काहिली असेल तर सव्वापट, पदार्थ ओला झाला तर आणखी जास्त. फ्रीजमध्ये पूर्ण थांबतो तो फक्त बर्फ. बाहेर वितळतो, आत ठेवला की तसाच राहतो. मध सगळ्यांत टिकाऊ पदार्थांपैकी, तरी 40 दिवसांत जातो. आमच्या स्वयंपाकघरात मागच्या वर्षीची मधाची बाटली अजून ठणठणीत आहे आणि इथे साडेपाच तासांच्या आत तिचं रॉट. हे ज्याने ठरवलं त्याने कधी मध विकत घेतला असेल असं वाटत नाही.

म्हणून शहाणी माणसं मांस फ्रीजमध्ये साठवत बसत नाहीत, ड्राइंग रॅकवर टांगतात. रॅकला 3 काटक्या, 2 कोळसे आणि 3 दोर लागतात. मोठा तुकडा 2 दिवसांत सुकतो, छोटा एका दिवसात. जर्की, म्हणजे हे सुकवलेलं मांस, 20 दिवस टिकते, शिवाय मोठ्या तुकड्याची जर्की 20 आरोग्य देते. दोरांसाठी गवत कापून कंबर मोडते, तो भाग वेगळा. आत्या कोकणातली, बोंबील सुकवण्यात हयात गेलेली. तिने रॅक निरखून पाहिला.

“मीठ लावलंस?”

“लावायचं नसतं.”

“आणि पाऊस आला की?”

“सुकणं थांबतं.”

“हे एक बरोबर केलंय,” ती म्हणाली. खेळाला तिच्याकडून मिळालेला हा एकमेव गुण.

मीठ आहे, पण ते भलतीकडे. होडी घेऊन समुद्रात जायचं, मिठाचे खांब फोडायचे, 10 स्फटिक, एक निळं रत्न आणि एक घडीव दगड जमवून सॉल्ट बॉक्स बांधायचा. त्यात नासण्याचा वेग पाव होतो. फक्त तो कच्चा माल घेतो, शिजवलेलं नाही. म्हणजे पियरोगींना त्याचा उपयोग शून्य. मांस लाल व्हायला आलं असेल तर पिंजऱ्यातल्या पक्ष्याला घालावं, तो कितीही शिळ्या तुकड्याचं अगदी ताजं अंडं देतो. कच्चं मॉन्स्टर मीट, म्हणजे राक्षसी प्राण्यांचं मांस, मात्र तो घेत नाही, ते आधी भाजावं लागतं. भाजण्याचा आणखी एक फायदा असा की गमावलेला ताजेपणा निम्मा भरून येतो: 40 टक्क्यांवरचा तुकडा विस्तवावर धरला की 70 वर जातो. ही सगळी माहिती त्या पोराला मी तोंडपाठ करून दिली होती. त्याच्या एका कानातून शिरली आणि दुसऱ्यातून गेली. कारण साधं आहे. तो डब्ल्यूएक्स-78 घेऊन खेळतो. हे पात्र रोबो आहे, त्याला शिळ्याचा दंडच नाही. पिवळं खावो की लाल, त्याला पूर्ण गुण मिळतात. त्याने सरासरी कशासाठी शिकायची?

आता हिशेब असा की या पंधरा पियरोगींतून एकेकी पूर्ण 40 आरोग्य काढू शकणारा आमच्यात एकच माणूस आहे, आणि त्यानेच त्या बिघडवल्यात. आम्ही खाल्ल्या तर 13. तळाच्या भल्याचा विचार केला तर सगळ्या त्यालाच द्यायला हव्यात. हे त्याने मला स्वतःच सुचवलं, जणू काही माझ्यावर उपकार करतोय अशा सुरात. आत्या मागून म्हणाली, “दे बाई, नाहीतरी टाकूनच द्यायच्यात.”

दिल्या. त्याने त्या घेतल्या, धोंडा तिथेच ठेवला. आता पाऊस लागलाय, रॅकवरचं सुकणं अडकलंय, आणि भिजलं की रोबोला इजा होते म्हणून तो माझ्याकडे छत्री मागतोय.